पाणी नको म्हणणाऱ्या बाया

२ एप्रिल, गुरुवार

चंदाबाई दुकानात आली ती पेढ्याचा डबा घेऊनच. मागच्या बोळीतलं घर विकलं. लेकानं हुडकेश्वरला फ्लॅट घेतला, लिफ्ट आहे म्हणे. "काकू, आता गुडघ्याले आराम." मी पेढा तोंडात टाकला. तोंड गोड झालं आणि मग एकदम ध्यानात आलं, तिच्या घराचं मागचं दार.

गल्लीतल्या सगळ्या दुकानांतल्या बाया-पोरी त्या दारानं आत जात. दुसरं बाथरूम या बाजारात बाईमाणसासाठी नाही. चंदाबाईच्या सासूपासूनची चाल. कधी कोणाला नाही म्हटलं नाही बिचारीनं. दिवाळीला आम्ही सगळ्या दुकानांतून तिला साडी, चादर, काहीबाही देत असू. ते कशाबद्दल, हे कोणी तोंडानं बोलत नसे. ती पण बोलत नसे.

नवा मालक तिथं गोदाम करणार.

दुकानातली वैशाली काउंटरवर साडीची घडी घालत होती. घातली, उलगडली, पुन्हा घातली.

४ एप्रिल, शनिवार

व्यापारी मंडळाचा निरोप. महापालिकेत नवे साहेब आलेत. प्रत्येक बाजाराला विचारलंय, धंदा वाढायचा तर तुमच्या इथं शहरानं आधी कोणती तीन कामं करावीत? फक्त तीन, आणि क्रमानं. सोमवारी सायंकाळी बैठक.

चांगला माणूस दिसतो. विचारतो तरी.

कूलरच्या ताट्या बदलल्या. नव्या ताटीचा वास आला की हे आठवतात. साड्यांच्या डब्यावरची अक्षरं दाखवून दाखवून मला वाचायला यांनीच शिकवलं, ते अशाच उन्हाळ्यात. दुपारी गिऱ्हाईक नसायचं ना.

६ एप्रिल, सोमवार

बैठक मोहनभाऊच्या दुकानाच्या माडीवर. मोहनभाऊ म्हणजे आमचे अध्यक्ष, सूटिंग-शर्टिंगवाले. मन लोण्यासारखं, डोकं खलबत्त्यासारखं. तर्री-पोहा आला. कमिटीत बाई मी एकटी, म्हणून माझ्या प्लेटीत तर्री कमी. दरवेळी मागून घ्यावी लागते.

कामं निघाली ती काय विचारता! पार्किंग. लोंबकळणाऱ्या तारा. मालाची गाडी दिवसा आत येऊ द्या. लायसनसाठी एकच खिडकी करा. टॅक्स. समोरचा चादरवाला पुरुषोत्तम तर स्काय-वॉकवर पोचला. त्याला म्हटलं, आधी खाली चालायला जागा होऊ दे बाबा.

मग मी म्हणाले, "बायांसाठी बाथरूम पाहिजे. पहिल्या नंबरावर."

पुरुषोत्तमनं पोह्यातली मिरची शोधायला घेतली. मोहनभाऊ खालच्या आवाजात म्हणाला, "काकू, साहेबासमोर हे कायले? धंद्याच्या गोष्टी मांगून राह्यलो ना आपण."

"हे धंद्याचंच आहे गा."

"हाव हाव. टाकू ना. 'इतर'मध्ये टाकू."

इतर म्हणजे जेवणातलं मीठ नव्हे, ताटाबाहेर सांडलेलं शीत. पालथ्या घड्यावर पाणी. घरी आले.

९ एप्रिल, गुरुवार

वैशालीच्या पोटात कळ. उभी होती ती खालीच बसली. रिक्षा करून डॉक्टरकडे नेलं. मुतखडा. डॉक्टर म्हणाले, औषध देतो पण खरं औषध पाणी. दिवसभर पीत राहायचं.

बाहेर आल्यावर हसली. "दिवसभर काय वं काकू. सकाळी कामठीहून ऑटोत बसली का रात्री घरी जाईस्तोवर नळ बंद." हसत हसतच डोळे पुसले.

चंदाबाईचं दार होतं तेव्हा दुपारी एकदा तरी जमत होतं. आता ते पण नाही. स्टेशनाकडच्या हॉटेलात जाऊन येते म्हणाली, पण तिथं वेटर बघत राहतो. म्हणून चहा पण सोडला.

वै. इतकी चांगली दुकानदारीण मी पाहिली नाही. गिऱ्हाईक पायरी चढलं की तिला समजतं, लेकीचं लग्न आहे की सुनेचं. लेकीच्या मायला आधी बसायला देते, सुनेच्या सासूला आधी माल दाखवते.

ज्याचं जळतं त्याला कळतं. मी आता साठीच्या पुढची, घर जवळ, लागलं की ऑटो करून निघते. माझंही जळायचं थांबलं होतं, म्हणून विसरले होते.

१२ एप्रिल, रविवार

बाजार बंद, पण जयंतीच्या तोंडावर अर्धं शटर उघडं ठेवलं. पांढऱ्या साड्या भराभर गेल्या. आमचं दुकानच पांढऱ्या साडीचं. आपल्यातल्या नवऱ्या पांढऱ्या नेसून उभ्या राहतात, आणि उमरेडपासून कामठीपर्यंत लग्न निघालं की आमच्या पायरीशी येतात. दुकानाच्या बाजूला भिंतीला लागून मोकळी जागा आहे. सीझनमध्ये तिथं दोन पुतळे उभे करतो, एक निळ्या काठाची, एक सोनेरी काठाची. दूरून दिसतात. लोक पत्ता सांगतात तो पण "पांढऱ्या बाया उभ्या आहेत तिथं."

मुलगा प्रशांत म्हणतो, आई, तेच आपलं बोर्ड.

१४ एप्रिल, मंगळवार

जयंती. सकाळी विहारात, मग वस्तीत. सरबताच्या टेबलाशी मी पळी धरून. उन्हाची मिरवणूक. बाया दोन-दोन गिलास पिऊन गेल्या. त्यात आमची कितीतरी जुनी गिऱ्हाइकं. यातल्या एकीनं पण माझ्या दुकानात कधी पाणी घेतलेलं नाही. तिथं "पाणी आणू?" म्हटलं की "नको वं, आत्ताच पिऊन आली." आणि इथं घर जवळ, तर तिसरा गिलास मागतात.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण पळी हातात असताना नीट दिसलं.

१७ एप्रिल, शुक्रवार

आज जे झालं ते लिहून ठेवते.

उमरेडच्या बाया, एसटीनं आल्या. पाचजणी, त्यांतच नवरी. मोठी खरेदी. नवरीची, करवल्यांच्या, मानाच्या. नवरीची माय साधी, घाबरट. वै.नं साड्यांचा ढीग लावला. दुपारचं ऊन पायरीवर आलेलं. माय निळ्या काठावर हात फिरवत होती, तो हात तसाच राहिला आणि बाई ढिगावरच आडवी. पांढऱ्या साड्यांवर पडली.

मोहनभाऊ पलीकडून धावत आला, स्वतःच्या दुकानातला पंखा उचलून. खरंच, वायरसकट. तोंडावर पाणी मारलं, साखरपाणी पाजलं. डोळे उघडले.

मी विचारलं, "काय खाल्लं सकाळपासून?"

"खाल्लं जी."

"पाणी?"

"बाजारले यायचं होतं ना."

तेवढंच म्हणाली. बाकीच्या चौघी खाली बघायला लागल्या.

नवरीची एक साडी घेतली आणि गेल्या एसटी धरायला. "बाकीच्या उद्या पाहू." उद्या येणार नाहीत. उमरेडातच कुठं तरी घेतील. प्रशांत ढीग आवरत होता, म्हणाला, "सबन लग्न गेलं आई आपल्या हातचं."

"लग्न नाही गेलं. बाई वाचली, ते पाहा."

पण तो चुकीचं बोलला नाही.

२० एप्रिल, सोमवार

दुसरी बैठक. मोहनभाऊ उभा राहिला, आवाज भरलेला. "आपल्या बाजारात एक मायबाई पाण्याबिना चक्कर येऊन पडली. आपल्याले शरम वाटली पायजे." मी मनात म्हटलं, आलं बाई, आलं ध्यानात. मग तो म्हणाला, "म्हणून पहिल्या नंबरावर थंड्या पाण्याची मशीन!"

टाळ्या.

बाया पाणी पीत नाहीत म्हणून पाण्याची मशीन. वरून पुरुषोत्तम म्हणतो, दोन नळाची घेऊ, बायांचा नळ वेगळा. अरे बापांनो, नळ वेगळा नका करू!

मी सांगायला तोंड उघडलं, तर मोहनभाऊ हात जोडून, "काकू, तुमच्याच दुकानासमोर लावू. पयला मान तुमचा."

भलेपणानं करतात, म्हणून भांडता पण येत नाही. हसू आलं आणि रडू पण.

२२ एप्रिल, बुधवार

सकाळी मोहनभाऊच्या दुकानात गेले. गिऱ्हाईक नव्हतं. म्हटलं, "मोहन, तुही निर्मला दुकानात काहून येत नाही?"

"तिले आवड नाही काकू धंद्याची."

"विचारलं का कधी?"

"आता त्यात काय विचारायचं."

"आज विचार. घरी गेल्यावर. मशीनचं नंतर पाहू."

माझ्याकडे असा पाहिला, जणू मी इंग्रजीत बोलले.

गुडघा दुखतोय. चंदाबाईचा फोन आला होता, हुडकेश्वरला पाणी टँकरचं, पण वारा छान. म्हणाली, "काकू, मले इथं करमत नाही. दुपारी कोणी दार वाजवत नाही."

२४ एप्रिल, शुक्रवार

निर्मला आली! मोहनभाऊची बायको. गल्लीत पाय ठेवून तिला कितीक वर्षं झाली असतील. दुपट्ट्यानं तोंड बांधलेलं, मी आधी ओळखलं पण नाही.

बसली. म्हणाली, "काकू, लग्न होऊन आली तवा गल्ल्यावर बसत होती मी. सासरे म्हणायचे, सुनेचा हात गोड. मंग पोट राह्यलं. घडी घडी घरी जावं लागे. ऑटो, परत ऑटो. सासू म्हणाली, राहू दे आता. मी राहू दिलं. आमच्या घरच्यायले वाटते मले धंदा आवडत नाही. परवा पुसलं यायनं. पयल्यांदा. मी सांगितलं, तं जेवताना घास हातातच."

कापड बघत बघत बोलली सगळं. माझ्याकडे बघून नाही. जाताना एक थान उलटं ठेवलेलं तिनं सरळ केलं. हात विसरला नाही.

पाणी विचारलं मी. दोघी हसलो. नको म्हणाली.

२७ एप्रिल, सोमवार

आज मोहनभाऊनं पोहे पण मागवले नाहीत. उभा राहिला आणि एका दमात, "पयला नंबर, बायांचं बाथरूम. दुसरा, तारा. तिसरा, मालाच्या गाडीची टायमिंग. पार्किंग पुढच्या साली. कोणाले काही म्हणायचं?"

पुरुषोत्तम म्हणाला, "पण भाऊ, पार्किंग गेलं तं गिऱ्हाईक गेलं."

मग मी बोलले. घोकून गेले होते, तरी सगळं उलटपालट झालं. म्हटलं, गाडी कुठं लावायची याचा विचार नवरा करतो, किती वेळ थांबायचं याचा बाई. साडी बाई घेते. दोन तास झाले की तिचं ध्यान काठावर नसतं, घराकडे असतं. मॉलमध्ये दिवसभर काहून फिरते? तिथला माल आपल्याहून चांगला? नाही. तिथं एक दार आहे. आपण साहेबांना रस्ता मागतो, वीज मागतो, गिऱ्हाईक वाढवून द्या म्हणतो. जे गिऱ्हाईक पायरीवर आलंय त्याला आपणच उपाशी-तहानलेलं परत पाठवतो.

सगळे एकदम हो म्हणाले.

आणि मग खरी गंमत. बांधायचं कुठं?

कोपऱ्यावर? तिथं एकाचं गोदाम, वास जाईल. बोळीच्या तोंडाशी? तिथं दुसऱ्याचा गणपती बसतो. जुन्या पाणपोईशी? तिथून तिसऱ्याचं शोकेस दिसतं. पंधरा मिनिटांत आख्खी गल्ली पवित्र झाली. उजेड सगळ्यांना पाहिजे, दिवा कोणाच्याच कोनाड्यात नको. पुरुषोत्तम म्हणाला, "शेजारच्या गल्लीत बांधू ना!"

माझ्या तोंडून निघून गेलं. "माझ्या दुकानाच्या बाजूला जागा आहे. तिथं बांधा."

प्रशांत माझ्या मागंच बसला होता. त्याच्याकडे पाहायची हिंमत झाली नाही.

२८ एप्रिल, मंगळवार

प्रशांत बोलला नाही सकाळी. दुपारी बोलला.

"आई, लग्नाच्या साडीच्या बाजूले संडास? नवरीची माय नाकाले पदर लावून येईन का आपल्याकडे? पुतळे कोठं उभे करू? बाबानं ज्या जागेवर आपलं नाव केलं, ते तू एका बैठकीत देऊन आली."

"जागा आपली नाहीच रे. शहराचीच आहे. आपण वापरतो एवढंच."

"मंग वापरू दे ना!"

वै. मधे म्हणाली, "दादा, माह्यासाठी नका भांडू जी." तो तिच्यावर कधी ओरडत नाही. तिच्यावरही नाही ओरडला. चहा न पिता गेला.

त्याचं खोटं नाही. साफ नाही ठेवलं तर खरंच कोणी फिरकणार नाही. मोठेपणाच्या भरात बोलले का मी? यांना विचारलं असतं तर काय म्हणाले असते? काही म्हणाले नसते. डब्यावरचं अक्षर दाखवून म्हणाले असते, वाच.

१ मे, शुक्रवार

बुद्ध पौर्णिमा. दुकान बंद. विहारात सगळे पांढऱ्यात. खीर वाटायला मी आणि प्र. एका रांगेत. तो तीन दिवस बोलला नव्हता. वाटी भरता भरता, माझ्याकडे न बघता, "दार कोणत्या बाजूनं ठेवतील?"

"माहीत नाही."

"बोळीच्या बाजूनं ठेवाव म्हणा. पायरीकडून दिसलं नाही पायजे."

बस. एवढंच. मी खीर दोनदा वाढली एकीलाच.

६ मे, बुधवार

साहेबांची सभा. मोठा हॉल, सगळ्या बाजारांची माणसं. एसी इतका की मी पदर दोन्ही खांद्यांवर. उड्डाणपूल, टॅक्समध्ये सूट, एक खिडकी, माल उतरवायची जागा, रस्त्यावरचे दिवे. सगळ्यांचं खरंच होतं. गावाचा धंदा वाढावा असं सगळ्यांना मनापासून वाटतं, फक्त प्रत्येकाला आपल्या पायरीपासून सुरू व्हावा असं वाटतं.

आमचा नंबर आला. मोहनभाऊ माईक घेऊन उभा. कागदावर "महिला प्रसाधनगृह" लिहिलं होतं, तिथं अडकला. मग कागद खाली ठेवला. "साहेब, आमच्या गल्लीत बाया पाणी पीत नाहीत." आणि मला पुढं केलं.

मी काय बोलले ते आठवत नाही. उमरेडची माय सांगितली. पाण्याच्या मशीनचं सांगितलं, तेव्हा हॉल हसला. मोहनभाऊ सगळ्यांत जास्त.

साहेब हसले नाहीत. म्हणाले, "बांधून देऊ शकतो. जागा, पाणी, सगळं पाहू. पण चालवणार कोण? सकाळ-संध्याकाळ स्वच्छ, कडी चालू, आत दिवा चालू. बांधलेलं दार बंद राहिलं तर न बांधलेलं बरं."

मी मोहनभाऊकडे, मोहनभाऊ पुरुषोत्तमकडे, पुरुषोत्तम छताकडे.

"मंडळ चालवीन साहेब," मोहनभाऊ म्हणाला. घाम फुटला होता, त्या एसीत.

साहेब म्हणाले, आजूबाजूच्यांची हरकत नाही असं येऊ द्या, मग पुढं.

मागायला गेलो होतो, कबूल करून आलो.

८ मे, शुक्रवार

मोहनभाऊनं पाळ्या लावल्या. कोणत्या दुकानानं कोणत्या दिवशी सफाईवर लक्ष ठेवायचं. सोमवार स्वतःचा. बाजार सोमवारी गर्दीचा, मुद्दाम घेतला म्हणतो. अजून वीट नाही आणि पाळ्यांवरून भांडण! रविवार सगळ्यांना पाहिजे.

१२ मे, मंगळवार

वै.नं आज सांगितलं. मॉलमधल्या साडीच्या दुकानात बोलावलंय. बसायला स्टूल, जेवायला खोली, आणि... "आणि ते आहे," म्हणाली. "नळ, साबण, सगळं."

"कधीपासून?"

"एक जूनपासून ये म्हणतात. म्या हाव म्हटलं नाही अजून. पण नाही पण नाही म्हटलं."

मी थांब म्हणणार होते. जीभ वळली नाही. थांब म्हणजे काय? पाणी पिऊ नको? तिला परत दुखलं ना मागच्या आठवड्यात, मला सांगितलं नाही, पण काउंटरला हात टेकवून उभी होती.

म्हटलं, "तुह्या जिवाचं पाह्य आधी. दुकानाचं मी पाहीन."

"काकू, तुम्ही जा म्हणता तं पाय निघत नाही. थांब म्हणाल्या असत्या तं गेली असती रागानं."

दोघी हसलो.

१५ मे, शुक्रवार

पुरुषोत्तमनं हरकत घेतली. त्याचं दुकान माझ्या बरोबर समोर. लेखी देऊन आला. मला स्वतः येऊन सांगितलं, ते बरं केलं. "काकू, तुमच्याशी वैर नाही. पण माह्या गादीवरून दिवसभर तेच दिसन. गादीसमोर लक्ष्मी पायजे."

"लक्ष्मी पण बाईच आहे गा."

क्षणभर हसला. पण हरकत मागं नाही घेतली. त्याचंही पोट त्या गादीवर आहे. रागावू कशी?

१९ मे, मंगळवार

मोजणीला इंजिनिअर आली. बाई. पोरगीच म्हणायची. टोपी, दुपट्टा, हातात फीत, सोबत एक माणूस चुन्याची फक्की घेऊन. सकाळपासून तिसरी साइट, म्हणाली. तोंड सुकलेलं. मी पाणी विचारलं.

"नको आजी, आत्ताच..." आणि थांबली. मी वै.कडे पाहिलं, वै.नं माझ्याकडे. पोरीच्या ध्यानात आलं. फीत गुंडाळत म्हणाली, "आम्हाला पण साइटवर नसतंच कुठं."

प्रशांत पुढं आला. दार बोळीकडे, उजेडाची खिडकी उंच, मधे एक आडभिंत, म्हणजे पुरुषोत्तमच्या गादीवरून काहीच दिसणार नाही. कागदावर काढूनच आणलं होतं त्यानं. कधी काढलं? तिनं पाहिलं, म्हणाली, हे जमेल.

फक्की मारली. चार रेघा, मधे आडवी एक. पुतळे उचलून आत घेतले. जागा एकदम उघडी पडली. बोडखी वाटली.

ऑर्डर कधी, विचारलं. म्हणाली, हरकतीवर सुनावणी होईल, मग. तारीख कळवू.

२२ मे, शुक्रवार

प्र. स्वतः गेला पुरुषोत्तमकडे, कागद घेऊन. आडभिंत समजावून आला. म्हणे, त्यानं चहा पाजला, कागद ठेवून घेतला, "पाहू" म्हणाला. आमच्या बाजारात "पाहू" म्हणजे हो पण असतं, नाही पण.

दोन गिऱ्हाइकं पुतळे नाहीत म्हणून चुकून पुढं निघून गेली. वै. धावत जाऊन परत घेऊन आली.

२५ मे, सोमवार

नवतपा लागला, वर्षातले सगळ्यांत तापलेले नऊ दिवस. रस्ता तव्यासारखा. हातगाडीवाले, गिऱ्हाईक, कुत्री, सगळ्यांचे पाय पडून फक्की पुसत चालली होती. काल बंद बाजारात तर एक रेघ सबन उडाली असणार. पण सकाळी येऊन पाहते तर चारही रेघा ताज्या, मधली पण. वाटलं वै.नं रांगोळी घातली. ती म्हणाली, मी नाही.

प्र.च्या पँटच्या गुडघ्यावर पांढरं.

त्याच्या डब्यात एक पोळी जास्त घातली होती आज, बरं झालं.

मोहनभाऊ सांगून गेला, सुनावणीची तारीख अजून नाही. निर्मला सोबत होती. गल्ल्यावर बसली दुपारपर्यंत, मग ऑटोनं घरी.

२९ मे, शुक्रवार

वै.चे दोनच दिवस राहिले हातात. मॉलवाल्याचा फोन आला होता. तिनं उचलला नाही. मी विचारलं नाही. पुरुषोत्तमचं दुकान उघडं, तो गादीवर, प्र.चा कागद त्याच्या गल्ल्याच्या काचेखाली दिसतो इथून. वाचतो की नुसता ठेवलाय, देव जाणे.

दुपारी कोण यावं? उमरेडची तीच माय. लेक लग्न होऊन सासरी गेली, आता तिला द्यायची साडी राहिली म्हणून आली. मला वाटलं होतं पुन्हा तोंड दाखवणार नाही. म्हणाली, "तुमी साखरपाणी पाजलं ना, मंग दुसरीकडे पाय वळला नाही."

पायरीवर थांबली. रेघांकडे पाहिलं. "हे काय होऊन राह्यलं वं?"

वै.नं सांगितलं. सरळ, सगळं. बायांसाठी बाथरूम. होईल का, कधी होईल, माहीत नाही, पण जागा मांडून ठेवली आहे.

माय रेघा ओलांडून नाही आली. बाजूनं वळून आली, जसं कोणाच्या देवघरासमोरून जावं.

बसली. पंखा तिच्याकडे फिरवला. मी सवयीनं विचारलं, "पाणी?"

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग हात पुढं केला. वै.नं माठातून गिलास भरून दिला. अर्धा पिली, थांबली, गिलास तसाच वै.च्या हातात परत दिला.

"अर्धा आज पिली बाई," म्हणाली. "अर्धा ते बांधून झाल्यावर."

वै. गिलास धरून उभीच होती. मग तो तिनं ओतला नाही. झाकण घालून माठाशेजारी ठेवला आणि साड्या काढायला लागली.